बीट लीजचा, लेबल स्वतःचं: कॉपीराइट क्लेम सोडवतानाचा माझा अनुभव

स्वतःच रॅप करायचं आणि स्वतःच्याच लेबलवरून गाणं काढायचं, यातली बरीचशी कामं सरळ आहेत. रेकॉर्डिंग, मिक्स, मास्टर, 3000 बाय 3000 पिक्सेलचं कव्हर, गाणं स्पॉटिफायसारख्या ॲपवर पोहोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या डॅशबोर्डवर अपलोड. एकदा हात बसला की होऊन जातं. माझं घोडं अडलं ते कॉपीराइट क्लेमवर, आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही.

बीट, म्हणजे ज्यावर रॅप करायचं ते तयार संगीत, प्रोड्यूसरकडून रीतसर लीजवर (ठरावीक अटींवर वापरायला) घेतलेला, पैसे भरलेले, परवान्याची पीडीएफ हातात. तरी व्हिडिओ यूट्यूबवर चढला आणि कंटेंट आयडीचा, म्हणजे नोंदवलेल्या गाण्यांशी आवाज जुळवणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा, क्लेम आला: गाण्याचा काही भाग दुसऱ्याच कुणाच्या रेकॉर्डिंगशी जुळतो, सबब कमाई त्याची. असा क्लेम आला की आधी तपशील उघडून जुळलेल्या तुकड्यांची वेळ बघा. माझ्या गाण्यात एक तुकडा इन्ट्रोचा होता, दुसरा हुकनंतरच्या (धृपदानंतरच्या) मोकळ्या बारांचा. दोन्ही ठिकाणी माझा आवाज नाही, नुसता बीट वाजतो. दुखणं काय आहे ते तिथेच कळतं. नॉन-एक्सक्लुझिव्ह लीजवरचा बीट प्रोड्यूसर कितीही जणांना देऊ शकतो. त्यातल्याच एकाने आपलं गाणं डिस्ट्रिब्युटरमार्फत कंटेंट आयडीत नोंदवलं होतं. यंत्रणा फक्त आवाजाचा ठसा जुळवते. बीट कुणी कुणाला कुठल्या अटीवर दिला, हे तिला माहीत नसतं.

वास्तविक ज्या रेकॉर्डिंगमधल्या सगळ्या आवाजाचे हक्क तुमच्या एकट्याकडे आहेत, तेवढंच कंटेंट आयडीत नोंदवायचं असतं. लीजवरचा बीट किंवा रॉयल्टी-फ्री लूप पॅकमधले लूप वापरले असतील तर डिस्ट्रिब्युटरकडे अपलोड करताना कंटेंट आयडीचा पर्याय बंद ठेवायचा. लोक डोळे झाकून टिक करतात आणि भोगायला लागतं तोच बीट घेतलेल्या बाकीच्यांना.

डिस्प्यूट (क्लेमवर हरकत) करायचा तर पहिल्या 5 दिवसांत करा. म्हणजे क्लेमच्या पहिल्या दिवसापासूनची कमाई निकाल लागेपर्यंत बाजूला ठेवली जाते. उशीर केला तर डिस्प्यूट टाकल्या दिवसापासूनची. कारण निवडताना ‘मूळ कंटेंट’ निवडू नका. शब्द तुमचे असले तरी बीट तुमचा नाही, आणि नाकारणाऱ्याला तेवढं निमित्त पुरतं. ‘परवाना’ निवडा. खालच्या चौकटीत भावना नकोत: बीटचं नाव, लीजची तारीख, ऑर्डर क्रमांक आणि व्हिडिओतून कमाई करायला परवानगी देणारं कलम शब्दशः टाका. उत्तर द्यायला दावेदाराला 30 दिवस असतात. तो गप्प बसला तर क्लेम आपोआप सुटतो. पण त्याने ‘आमचा दावा कायम’ एवढं कळवलं तरी डिस्प्यूट फेटाळला जातो. दावा करणाऱ्यानेच पहिला निवाडा द्यायचा, हे मला आजही पटत नाही.

माझा फेटाळला गेला. समोरच्या डिस्ट्रिब्युटरच्या हक्क विभागाला मेल टाकल्यावर कारण कळलं: परवान्यावरचं नाव चॅनेलवर नाही आणि रिलीजवर तिसरंच नाव आहे. लीजवर माझं कायदेशीर नाव, चॅनेलवर स्टेज नेम, पी-लाइनवर (रेकॉर्डिंगचा मालक सांगणाऱ्या ओळीत) लेबल. अहो, स्वतःचं लेबल चालवणाऱ्या रॅपरकडे ही तीन नावं असायचीच! रोज हेच काम करणाऱ्या विभागाला हे समजावून सांगावं लागतं? प्रत्येक उत्तर साच्यातलं, खाली कुणाचं नाव नाही, आधीच्या मेलचा संदर्भ नाही. पीडीएफ जोडून पाठवली तरी पुन्हा तीच मागायचे. मी चिकाटी सोडली नाही आणि प्रत्येक मेल एकाच धाग्यात ठेवली. तुम्हीही तसंच करा, नवी मेल सुरू केली की सगळं पहिल्यापासून.

तिढा सोडवला दोन कागदांनी. पहिला, कलाकार म्हणून मी लेबलला दिलेलं एक पानी पत्र: कायदेशीर नाव, स्टेज नेम, लेबलचं नाव, गाण्याचा आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा ओळख-कोड), आणि या रेकॉर्डिंगचे हक्क लेबलला देत असल्याचं एक वाक्य. सही दोनदा, एकदा कलाकार म्हणून आणि एकदा लेबलतर्फे. दुसरा, प्रोड्यूसरची मेल: बीटचं नाव, बीपीएम (वेग), मला लीज दिल्याची तारीख, आणि ‘हा बीट नॉन-एक्सक्लुझिव्ह आहे, तो कंटेंट आयडीत नोंदवायची परवानगी कुणालाच नाही’. खरं काम या दुसऱ्या कागदाने केलं. प्रोड्यूसरला त्या डिस्ट्रिब्युटरकडून मूळ नोंदच काढून घ्यायला सांगा. नुसता एका व्हिडिओवरचा क्लेम सुटला तर लिरिक व्हिडिओ टाकताच तोच क्लेम परत येतो.

डिस्प्यूट फेटाळल्यावर पुढची पायरी अपिलाची, पण हे कागद हातात आल्याशिवाय अपील करू नका. अपिलाला उत्तर द्यायला दावेदाराला 7 दिवस असतात, पण तेव्हाही तो अडून बसला तर व्हिडिओ उतरवायची नोटीस देऊ शकतो आणि चॅनेलवर स्ट्राइक (यूट्यूबची ताकीद) बसतो. मग प्रति-नोटीस द्यावी लागते, आणि त्याने 10 कामकाजाच्या दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा दिला नाही तरच व्हिडिओ परत येतो. माझा क्लेम अपिलातच सुटला आणि अडकलेली कमाईही मिळाली. एवढा निवांतपणा गाणं रिलीज झाल्यावरही वाटला नव्हता.

लीज घेताना किमतीच्या आधी कलमं वाचा. स्ट्रीमची मर्यादा किती, मुदत किती, व्हिडिओतून कमाई चालते का, रचनेच्या हक्कांत प्रोड्यूसरचा वाटा किती (50 टक्के अनेकदा असतो), आणि उद्या बीट एक्सक्लुझिव्ह विकला गेला तर आधीची लीज टिकते का. टॅगवाली (मध्येमध्ये प्रोड्यूसरचं नाव ऐकू येणारी) एमपी3 घेऊ नका. स्टेम्स (वाद्यांचे वेगवेगळे ट्रॅक) मिळाल्या तर व्होकलला मिक्समध्ये जागा करता येते. इन्ट्रोवर आपला एखादा ॲड-लिब (उत्स्फूर्त उद्गार) टाकून ठेवा. त्याने क्लेम टळेलच असं नाही, पण नुसता बीट वाजत राहत नाही.

अमेरिकन रॅपर टेक नाइनने 1999 मध्ये स्ट्रेंज म्युझिक हे स्वतःचं लेबल उभारलं ते ट्रॅव्हिस ओग्विन या व्यावसायिक भागीदाराबरोबर. लेबलचे कागद बघायला रॅपरखेरीज दुसरं कुणी असणं किती मोलाचं, ते मला या प्रकरणात पटलं.

आणखी एक राहिलं. डिस्ट्रिब्युटर बदललात तर जुनेच आयएसआरसी पुढे न्या, म्हणजे स्ट्रीमचे आकडे तुटत नाहीत. क्लीन व्हर्जन (शिव्या काढलेलं), इन्स्ट्रुमेंटल आणि म्युझिक व्हिडिओ यांना मात्र प्रत्येकी वेगळा कोड लागतो. फीचरवाल्याबरोबरची (पाहुण्या कलाकाराबरोबरची) स्प्लिट शीट, म्हणजे हक्कांच्या वाटणीचा कागद, स्टुडिओतून उठायच्या आत भरून घ्या. स्पॉटिफायला प्लेलिस्टसाठी गाणं पिच करायचं तर रिलीजच्या किमान 7 दिवस आधी; म्हणून तारीख ठरवण्यापूर्वी लीजची पीडीएफ आणि लेबलचं पत्र एका फोल्डरमध्ये आहेत ना, ते बघून घ्या.