बिलाच्या खिडकीमागून

अकरा वर्षं मी हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर आहे. पैसे घेणं हे आमचं काम, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात निम्मा दिवस पैसे कोण देणार, यावर पत्रव्यवहार करण्यात जातो. दर विमा कंपनीचा फॉर्म वेगळा, खोलीभाड्याची मर्यादा वेगळी.

मागच्या महिन्यात एका आजींना सकाळी दहालाच डिस्चार्ज मिळाला, पण संध्याकाळपर्यंत त्या समोरच्या बाकावर बसून होत्या. हातातली सुई काढलेली, चिकटपट्टी तशीच. विमा कंपनीची क्वेरी आली होती: रक्तदाब नेमका कधीपासून, विमा घेण्याआधीचा का? मुलाने मला विचारलं, काय लिहू? खरं ते लिही, म्हटलं. पण खरं काय ते त्याला ठाऊक नव्हतं, आजींनाही नव्हतं.

हा प्रश्न येतो कारण आजारी माणूस दुसऱ्या कुणाच्या खात्यात पडला तर कंपनीला बरं. सगळ्या देशाचं खातंच एक असेल, जन्मापासून, मिळकतीप्रमाणे वर्गणी किंवा कर घेऊन, तर ‘कधीपासून’ हे फक्त डॉक्टरनं विचारायचं उरतं. म्हणून मी एकाच सरकारी विम्याच्या बाजूचा.

यावर लगेच ऐकू येतं, म्हणजे हॉस्पिटलं सरकारी होणार! तसं काही नाही. तैवाननं 1995 मध्ये वेगवेगळ्या योजना एकत्र करून एकच विमा केला. तिथे खासगी हॉस्पिटलं जोरात चालतात, बिल मात्र एकाच दारात जातं. कॅनडातही बरेचसे डॉक्टर स्वतःचीच प्रॅक्टिस करतात.

तिथल्या टॉमी डग्लस यांची गोष्ट मला फार आवडते. लहानपणी हाडाच्या संसर्गानं त्यांचा पाय जायची वेळ आली होती. आईवडिलांकडे पैसे नव्हते; एका सर्जननं फुकट ऑपरेशन केलं म्हणून वाचला. पुढे सस्कॅचेवान प्रांताचे प्रमुख झाल्यावर त्यांनी सर्वांसाठी विमा आणायचा घाट घातला. 1 जुलै 1962 ला तो सुरू झाला आणि त्याच दिवशी डॉक्टर संपावर गेले. 23 दिवस! संप मिटला, विमा राहिला.

तिथेही सगळं गोड नाही. गुडघा बदलायला महिनोन् महिने थांबावं लागतं, आणि घरी घ्यायच्या औषधांचा खर्च त्या विम्यात सरसकट येत नाही. ही रांग मला खुपते. पण रांगेत उभं राहून घर विकावं लागत नाही.

आजींची मंजुरी सहा वाजून वीस मिनिटांनी आली. हातमोजे आणि कापसाचे पैसे कापून.