तुम्ही विचारलंत म्हणून: नागपुरात ऑलिव्हचं काय काम?

“मॅडम, नागपुरात ऑलिव्हचं झाड दिसत नाही, मग ऑलिव्ह तेलाच्या गिरणीतल्या सांडपाण्याबद्दल एवढं जीव तोडून का शिकवता?” सूक्ष्मजीवशास्त्राच्या वर्गात हा प्रश्न दरवर्षी येतोच. घरी आलेले पाहुणेही तेच विचारतात.

आपल्या तेलघाणीत जवस कोरडा जातो. तेल निघतं, ढेप उरते, गुरं खातात. ऑलिव्ह मात्र रसाळ फळ, जवळपास निम्मं पाणीच. त्यात गिरणीत वरून आणखी पाणी घालतात. अशा गिरणीत टनभर फळामागे हजारेक लिटर काळं, आंबट पाणी उरतं. घरगुती सांडपाण्याची सीओडी, म्हणजे त्यातल्या घाणीला लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आसपास असते. या पाण्याची ४०,००० ते २,००,०००! आणि ते सगळं हिवाळ्याच्या दोन-चार महिन्यांत येतं.

मग सोडा जिवाणू, असं मुलं म्हणतात. पण फळातल्या ज्या कडवट-तुरट द्रव्यांसाठी, म्हणजे पॉलिफेनॉल्ससाठी, या तेलाची तारीफ होते, तीच पाण्यात उतरून जिवाणूंना मारतात. शिवाय कार्बन भरपूर असला तरी नायट्रोजन अगदी थोडा, त्यामुळे जे तगतात त्यांचीही वाढ खुंटते.

ग्रीसमधल्या संशोधकांनी यासाठी ॲझोटोबॅक्टर विनेलँडी नावाचा मातीतला जिवाणू निवडला, आणि मला ही निवड फार आवडते. काटोलला माझे काका ज्वारीच्या बियाण्याला ॲझोटोबॅक्टरचं पाकीट चोळतात, त्याच कुळातला हा. नायट्रोजन तो हवेतून घेतो आणि ती मारक फेनॉल-द्रव्यंही खातो. आधी चुना घालून आंबटपणा मारायचा, मग हवा देत टाकी चालवायची, आणि तयार झालेल्यातलं थोडं विरजणासारखं पुढच्या खेपेला राखायचं. हाती येतं ते नदीत सोडायचं पाणी नव्हे, शेताला द्यायचं पातळ खत. काळेपणा पुरता जात नाही, हेही सांगते. जिवाणूंची पावडर नाल्यात ओतली की काम झालं, असं समजणाऱ्यांना तर आवर्जून सांगते.

आणि नागपूरचं म्हणाल, तर आपल्या संत्र्याच्या सालीत लिमोनीन, म्हणजे सालीला वास देणारं तेलकट द्रव्य, असतं. बायोगॅसच्या टाकीत साली जास्त पडल्या, की तेच लिमोनीन गॅस करणाऱ्या सूक्ष्मजीवांना मारक ठरतं. काकांकडे संत्र्याच्या हंगामात सालींचा ढीग पडतो. त्याचं काय करायचं, हे मुलांना शिकवताना मी ऑलिव्हपासून सुरुवात करते.