रक्त चढवण्याआधीचं एव्हिल

रक्ताची पिशवी वॉर्डात आली की बऱ्याच ठिकाणी पहिला प्रश्न येतो, "एव्हिल-हायड्रोकॉर्ट दिलं का?" एव्हिल हे ॲलर्जीवरचं अँटिहिस्टामिन, हायड्रोकॉर्ट म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड; रक्ताने ताप किंवा ॲलर्जी येऊ नये म्हणून ती आधीच टोचली जातात. ही सवय मोडायला हवी. तो वेळ दोघांनी मिळून पिशवीवरचा रक्तगट, पिशवीचा क्रमांक, क्रॉसमॅचचा (रक्त जुळतं का, या तपासणीचा) कागद आणि रुग्णाचं नाव-नोंदणी क्रमांक ताडण्यात जायला हवा, कारण जीवघेणी चूक बहुतेक वेळा तिथेच होते.

साध्या तापाच्या प्रतिक्रियेचं मूळ पिशवीत असतं. साठवणीच्या काळात पांढऱ्या पेशींमधून सायटोकाइन्स (दाह आणि ताप आणणारी रसायनं) पाझरतात आणि त्यांनी ताप येऊ शकतो. त्यावर खरा उपाय म्हणजे साठवण्याआधीच पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त. थॅलेसेमियाच्या मुलांसारख्या वरचेवर रक्त घेणाऱ्यांसाठी हा आग्रह धराच. एव्हिलने सायटोकाइन्स जात नाहीत. हायड्रोकॉर्टिसोनचा परिणाम दिसायला काही तास लागतात, म्हणजे पिशवी लावताना दिलेलं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन पिशवी संपत आल्यावर काम सुरू करणार. वैद्यकीय चाचण्यांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१०च्या आढाव्यात तीन चाचण्या तपासल्या गेल्या. आधी औषध दिल्याने ताप किंवा ॲलर्जी टळते, असा पुरावा त्यांत मिळाला नाही.

"देऊन ठेवलं तर बिघडतं काय?" बिघडतं. एव्हिलने म्हातारा माणूस गुंगतो, बरळतो, रात्री उठताना पडतो. प्रोस्टेट वाढलेल्याची लघवी अडते. स्टिरॉइडने मधुमेह्याची साखर चढते. ताप येऊ नये म्हणून आधीच दिलेलं पॅरासिटामॉल सगळ्यांत निरुपद्रवी वाटतं, पण चुकीच्या गटाचं रक्त किंवा जंतू शिरलेली पिशवी यांची पहिली खूण अनेकदा ताप हीच असते. तीच दाबली तर कळेपर्यंत निम्मी पिशवी आत गेलेली असते.

मग करायचं काय? पिशवी लावण्याआधी तापमान, नाडी, रक्तदाब, श्वास आणि ऑक्सिजन लिहून ठेवा. पहिली १५ मिनिटं मिनिटाला साधारण २ मिली, त्याहून जोरात नको, आणि तेवढा वेळ कुणीतरी रुग्णाजवळ थांबा. १५ मिनिटांनी पुन्हा सगळं मोजा, मग दर तासाला. रक्तपेढीतून निघाल्यापासून ४ तासांत पिशवी संपली पाहिजे.

तापमान १ अंश सेल्सिअसने वाढून ३८ किंवा वर गेलं, हुडहुडी भरली, कंबर दुखली, लघवी लाल झाली की आधी रक्त बंद. नवा सेट (नळी) लावून सलाइनने शीर चालू ठेवा, लेबल पुन्हा ताडा, डॉक्टर आणि रक्तपेढीला कळवा, पिशवी सेटसकट परत पाठवा, सोबत रक्ताचे ताजे नमुने आणि लघवी. नुसत्या गांधी उठल्या असतील तर रक्त थांबवून तेव्हा अँटिहिस्टामिन द्या. खाज ओसरली आणि दुसरं काही नसलं तर हळू वेगाने पुढे चालू करता येतं. एव्हिलची खरी जागा ही. पूर्वी ॲलर्जीची प्रतिक्रिया आलेल्याला आधी अँटिहिस्टामिन द्यायचं का, हे त्या रुग्णापुरतं ठरवावं. वारंवार तीव्र त्रास होत असेल तर धुतलेल्या लाल पेशी मागवाव्यात.

नुसतं समजावून सवय जात नाही, कारण ही औषधं देण्याची ऑर्डर छापील फॉर्मवरच असते आणि नवा रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) ती जशीच्या तशी उतरवतो. फॉर्मवरून ती ओळ काढा. तिच्या जागी "पूर्वीची प्रतिक्रिया: कोणती, कधी?" असा रकाना ठेवा, आणि तो भरल्याशिवाय औषध लिहू नका असं ठरवा. पिशवीमागे सरसकट दिलं जाणारं लॅसिक्स हे लघवी वाढवणारं औषधही याच यादीतलं. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर ते विचारपूर्वक द्यावं, एका वेळी एकच पिशवी सावकाश लावावी; रक्तस्राव होऊन रक्तदाब उतरलेल्या रुग्णाला मात्र ते घातक ठरू शकतं.