सुवा : फिजीच्या पेपरांच्या मागावर

फिजीला जाणार असाल आणि पत्रकारितेत थोडाही रस असेल तर नांदीला उतरून रिसॉर्टवर न थांबता सरळ राजधानी सुवाची एक्सप्रेस बस पकडा, क्वीन्स रोडने चारेक तास लागतात पण वळणावळणाला समुद्र दिसतो. लोकल बससाठी ई-ट्रान्सपोर्टचं कार्ड घेऊन ठेवा. रविवारी सुवात बरंच काही बंद असतं, तो दिवस प्रवासात घाला.

नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये निवांत वेळ काढा, आणि १२ एप्रिल २००९चा संडे टाइम्स, म्हणजे फिजी टाइम्सचा रविवारचा अंक, मागा. दोनच दिवस आधी राज्यघटना रद्द झालेली, सेन्सॉरची माणसं न्यूजरूममध्ये येऊन बसलेली, आणि पेपरवाल्यांनी काय केलं तर अडवलेल्या बातम्यांची जागा कोरीच ठेवली, खाली फक्त एक ओळ की सरकारी निर्बंधांमुळे इथल्या बातम्या छापता आल्या नाहीत. त्या कोऱ्या पानाकडे मी बराच वेळ बघत बसले, अंगावर काटा आला खरंच.

पुढे २०१०चा मीडिया कायदा आला, नियम मोडला तर संपादकाला २५,००० फिजी डॉलरपर्यंत दंड किंवा २ वर्षांपर्यंत तुरुंग, परदेशी मालकी जास्तीत जास्त १० टक्के, त्यामुळे माध्यमसम्राट रूपर्ट मर्डोकच्या कंपनीला १८६९पासूनचा फिजी टाइम्स स्थानिक मोतीभाई ग्रुपला विकावा लागला. पंतप्रधान राबुकांच्या सरकारने तो कायदा एप्रिल २०२३मध्ये रद्द केला आणि रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेच्या पत्रकार स्वातंत्र्याच्या यादीत फिजी २०२३च्या ८९व्या नंबरवरून पुढच्याच वर्षी ४४व्यावर आलं. पण मला विचाराल तर १३ वर्षं जपून लिहायची लागलेली सवय संसदेतल्या एका मतदानाने जात नाही, आणि जाहिराती सरकारकडून येत असतील तर कायद्याची गरजही पडत नाही. म्हणून कोणा पत्रकाराला भेटलात तर आधी चहा, गप्पा, मग प्रश्न, आणि नाव छापू का हे विचारल्याशिवाय काहीही पोस्ट करू नका.

फिजी टाइम्स आणि फिजी सन रोज दोन्ही घ्या, एकच बातमी कोणी पहिल्या पानावर घेतली आणि कोणी आत ढकलली ते बघा. शिवाय १९३५पासूनचं शांतिदूत साप्ताहिक मिळालं तर सोडू नका, हिंदीत आहे, देवनागरीत, आपल्याला सहज वाचता येतं, आणि गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर इथे आणलेल्या भारतीय मजुरांच्या, वंशजांच्या घरात काय चर्चा चालते ते इंग्रजी पेपरपेक्षा तिथे जास्त कळतं.