महाराजबाग आणि गोरेवाडा : एकाच दिवशी नको

दिवाळी आटोपल्यावर ताई-भाऊजी पोट्ट्यांना घेऊन पुण्याहून आमच्याकडे नागपूरला आले. सोबत आमची आई, गुडघ्यांनी बेजार. सकाळी महाराजबागेचं प्राणिसंग्रहालय, दुपारी गोरेवाड्याची सफारी असा बेत भाऊजींनी तिकडूनच मोबाइलवर आखून आणला होता. तो मी पहिल्याच चहाला मोडला. नकाशावर दोन्ही जवळ दिसतात, पण दोन्हींकडे बघण्याची तऱ्हाच वेगळी आहे. एक पायी, रमतगमत फिरायची जागा, दुसरी बसमध्ये बसून बघायची. एका दिवसात दोन्ही कोंबलं की पोरं किरकिरतात आणि म्हातारी माणसं बाकड्यावर बसून राहतात.

महाराजबाग बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला लागूनच आहे. मेट्रोने येत असाल तर सीताबर्डी इंटरचेंजला उतरून ऑटो करा. चालायची सवय असेल तर पायीही जमतं. बाग मूळची भोसल्यांची, प्राणिसंग्रहालय १८९४ पासूनचं. आज हे सगळं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत, म्हणजे वाघ-बिबट्यांचा सांभाळ कृषी महाविद्यालयाकडे! भाऊजींना हे शेवटपर्यंत पटलं नाही.

पिंजरे जुन्या धाटणीचे आहेत, ते आधीच सांगतो. परदेशातली प्राणिसंग्रहालयं बघून आलेल्यांना इथे थोडं कसंसंच होईल. पण पाच-सहा वर्षांच्या पोराला जनावर जवळून, हवा तितका वेळ बघता येतं ते इथेच. आमचा भाचा अस्वलासमोरून हलायलाच तयार नव्हता. अस्वल ओंडक्याला पाठ लावून खालीवर घासत होतं, मध्येच थांबून नाक वर करून हुंगायचं, पुन्हा घासायला सुरुवात. बसमधून हे इतका वेळ कोण बघू देणार?

झाडांची आवड असेल तर खरी मजा बागेतच. मोठमोठ्या जुन्या झाडांखाली सावली भरपूर. आईने अर्धा वेळ तिथेच काढला आणि घरी लावायच्या रोपांची यादी डोक्यात तयार केली. आवारात खाण्याचे पुडे उघडू नका. माकडांना शेंगदाणे टाकणारे महाभाग दिसतात, त्यांच्या नादी पोरांना लागू देऊ नका.

गोरेवाड्याला दुसऱ्या दिवशी गेलो. इथे एक घोळ हमखास होतो. गोरेवाड्यात दोन वेगवेगळ्या सफारी आहेत. काटोल रोडवरचं बाळासाहेब ठाकरे गोरेवाडा आंतरराष्ट्रीय प्राणिउद्यान, २६ जानेवारी २०२१ ला उद्घाटन झालेलं, ते वेगळं. त्यातली ती ‘इंडियन सफारी’. आणि गोरेवाड्याच्या राखीव जंगलातली जिप्सीची सफारी वेगळी, तिचं गेटही वेगळं. नकाशात नुसतं ‘गोरेवाडा’ टाकून ऑटोवाल्याच्या भरवशावर निघालात तर भलत्याच गेटवर पोचाल. जंगलात जनावर दिसेल की नाही हे नशिबावर. पोरांना वाघ दाखवायचं कबूल केलं असेल तर इंडियन सफारीच घ्या.

तिथे बिबट, अस्वल, वाघ आणि हरणं-नीलगाय यांच्यासाठी कुंपण घातलेले मोठाले वेगवेगळे भाग आहेत आणि आपण बंद बसमधून त्या एकेका भागात शिरतो. आईसारख्यांना हे फार सोयीचं, चालणं जवळजवळ नाहीच. एका गेटातून बस आत घेऊन ते बंद झाल्यावरच पुढचं उघडतात. पोरांना वाघाइतकंच याचं अप्रूप वाटलं. वाघ पाणवठ्याच्या कडेला आडवा पडला होता, शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. बसमध्ये गलका झाला तरी त्याने मान वळवली नाही. आरडाओरडा केल्याने जनावर उठत नाही, आणि काचेवर थापा मारणाऱ्या काकांना हे चालकाने सांगूनही उमगत नव्हतं.

तिकीट आधीच ऑनलाइन काढा, विशेषतः शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांमध्ये. शक्यतो सकाळची फेरी घ्या. मेट्रो तिथवर नाही, त्यामुळे स्वतःची गाडी नसेल तर ऑटो परतीच्या बोलीवरच ठरवा.

हंगाम म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशी गाठतो. तेव्हा प्राण्यांसाठी कूलर लावावे लागतात, तुम्हाला कोण लावणार? उन्हाळ्यातच यायची वेळ आली तर दार उघडल्या उघडल्या आत शिरा आणि अकराच्या आत घरी या. टोपी, दुपट्टा, पाणी हे सांगायला नको.

सोमवार टाळा. महाराजबाग आणि गोरेवाडा दोन्ही बंद, सिव्हिल लाइन्सचा अजब बंगला, म्हणजे इथलं वस्तुसंग्रहालय, तोही बंद. सोमवारीच नागपुरात असाल तर संध्याकाळी फुटाळा तलावावर जा, आणि सकाळी पोरांना तर्री-पोहे खाऊ घाला. फक्त तर्री वेगळ्या वाटीत मागा, पुण्याच्या जिभेला ती झेपत नाही.