आधी ओट्याची कड बघा, मग सिंक

ओट्याचे दगड कापणं हा माझा धंदा आहे. त्यामुळे सिंकबद्दलचं माझं मत एकांगी असणार, हे गृहीत धरूनच पुढचं वाचा. माणसं सिंक वरून बघतात: चकाकी, खोली, एक कप्पा की दोन, सोबत जाळी मिळते का. मी सिंक उलटं करून त्याचा काठ बघतो. ओट्याला भोक पाडलं की आतलं मटेरियल उघडं पडतं, आणि पुढे रोज पाणी येऊन थांबतं ते नेमकं तिथेच. ती कापलेली कड पाणी सोसेल का आणि भांड्यांचा मार खाईल का, एवढं कळलं की सिंकची अर्धी निवड झालीच. रंग नि आकार मग निवांत ठरवा.

बसवायच्या पद्धती थोडक्यात सांगतो. वरून ठेवायच्या सिंकला चारही बाजूंनी काठ असतो. तो ओट्यावर टेकतो आणि कापलेली कड झाकून टाकतो. अंडरमाउंट सिंक ओट्याच्या खालून चिकटवतात. कड उघडी राहते, म्हणून तिला पॉलिश मारावं लागतं. फ्लश सिंकसाठी ओट्यात खाच मारून काठ त्याच पातळीत उतरवतात. शिवाय ओटा आणि सिंक एकाच मटेरियलचे, मधे सांधाच नाही, असाही प्रकार आहे, पण तो मोजक्याच मटेरियलमध्ये जमतो.

लॅमिनेटचा ओटा असेल तर चर्चा लांबवूच नका. वरचा थर पाण्याला दाद देत नाही, पण तो जेमतेम मिलिमीटरभर जाड. त्याखाली पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ, म्हणजे दाबून चिकटवलेला लाकडाचा भुसा. त्यात पाणी शिरलं की तो फुगतो, आणि वाळल्यावरही पुन्हा पहिल्या जाडीला येत नाही. वरचा थर मग फुग्यासारखा उचलला जातो. इथे वरून बसणारं सिंकच घ्यायचं, आणि तेही बसवण्याआधी कापलेली कड चारही बाजूंनी वॉटरप्रूफ लेप देऊन बंद करून घ्यायची. हे काम सुतार हमखास टाळतो, कारण नंतर ते दिसत नाही. तेव्हा काठ बसायच्या आधी स्वतः वाकून बघा. अपवाद कॉम्पॅक्ट लॅमिनेटचा. ते आरपार रेझिनमध्ये भिजवून दाबलेल्या कागदांचं असतं, भुसा नसतोच, त्यामुळे त्याला अंडरमाउंट चालतं.

ग्रॅनाइटला अंडरमाउंट शोभतं, हे मान्य. दगड पाण्याने फुगत नाही, कड पॉलिश करता येते, ओट्यावरचं पाणी हाताने सरळ सिंकमध्ये ढकलता येतं. पण फिक्या रंगाचे बरेच ग्रॅनाइट पाणी शोषतात. सिंकभोवती एक गडद ओला पट्टा दिसतो आणि घरचे म्हणतात, दगड खराब निघाला. दगड खराब नसतो. वरच्या भागाला पॉलिश आणि सीलर, म्हणजे पाणी रोखणारा लेप, मारलेला असतो. पाणी शिरतं ते सिंकच्या कडेतून आणि खालच्या खडबडीत बाजूने. म्हणून सीलर कडेला आणि दगडाच्या खालच्या बाजूलाही, सिंकभोवती हातभर तरी लावायला सांगा. कडेला तो सिंक चिकटवल्यानंतर लावायचा, आणि खालून लावताना सिंक चिकटवायची जागा सोडायची. नाहीतर सिलिकॉन धरत नाही.

दगडात दुसरी गोष्ट कोपऱ्यांची. भोकाचे आतले कोपरे काटकोनात कापायचे नसतात. सगळा ताण त्या टोकाशी गोळा होतो आणि चीर तिथूनच निघते. कोपरा थोडा तरी गोल हवा. हल्ली काटकोनी कोपऱ्यांची सिंकं फॅशनमध्ये आहेत आणि ग्राहकाला वाटतं, दगडही तसाच कापावा. मी नकार देतो. सिंकच्या कोपऱ्यावर दगडाची इवलीशी गोलाई दिसली तर बिघडत नाही. चीर दिसली तर पूर्ण पाटी बदलावी लागते. शिवाय तसल्या सिंकच्या आतल्या कोपऱ्यांत घासणी पोचत नाही, ते वेगळंच.

सिंकच्या पुढे उरते ती दगडाची अरुंद पट्टी, पाच-सात सेंटिमीटरची. अख्ख्या ओट्यात नाजूक जागा तीच. पाटी उचलून आणताना तिथेच तुटते. म्हणून जड सिंक त्या दगडाला लटकवायचं नाही. पाण्याने भरलेल्या मोठ्या सिंकचं वजन सहज पन्नास किलोच्या पुढे जातं, आणि ते खालच्या कपाटाच्या चौकटीने किंवा लोखंडी अँगलने पेलायला हवं. सिलिकॉनचं काम पाणी अडवायचं. वजन पेलण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका.

क्वार्ट्झचा हिशेब वेगळा. वजनाने नव्वद टक्क्यांच्या वर क्वार्ट्झचा चुरा आणि बाकी पॉलिएस्टर रेझिन, असं ते मिश्रण असतं. पाणी जवळपास शोषत नाही, त्यामुळे सीलरची कटकट नाही. त्याला दोन गोष्टी बाधतात: उष्णता आणि ठोका. दीडशे अंशांच्या आसपास रेझिन बिघडायला लागतं. पेटत्या शेगडीवरून उचललेलं भांडं त्याहून बरंच जास्त तापलेलं असू शकतं, आणि माणूस घाईत ते सिंकच्या कडेवरच टेकवतो. ठोक्याचं म्हणाल तर टवके उडतात ते बहुतेक सिंकच्या कडेचेच. अंडरमाउंट घ्यायचं असेल तर कडेची धार मोडून निदान तीन मिलिमीटरची गोलाई मागून घ्या. तलवारीसारखी धारदार कड फोटोत छान दिसते, वापरात टिकत नाही.

एक ताई माझ्याशी यावरून बराच वाद घालत होत्या. ‘अहो, आता काठवालं सिंक कोणी लावतं का?’ मी म्हटलं, तुमच्याकडे मोठी, जड भांडी रोज सिंकमध्ये जातात आणि ओटा क्वार्ट्झचा. स्टीलचा काठ टवका पडू देणार नाही. पोचा पडला तरी पत्र्याला. त्यांनी शेवटी अंडरमाउंटच घेतलं, कड मात्र गोल करून घेतली. माझ्या मते हाही समजूतदार तोडगा आहे.

अंडरमाउंट ठरलंच असेल तर आणखी एक निवड उरते, जी तुम्हाला कोणी विचारत नाही. दगडाची कड सिंकच्या भिंतीपेक्षा आत झुकलेली हवी, बरोबर तिच्या रेषेत हवी, की मागे सरकलेली? आत झुकवली की सांधा झाकला जातो आणि दिसायला स्वच्छ वाटतं. पण त्या छज्जाखाली काळी बुरशी धरते आणि ती कोणाला दिसत नाही. वर भांडं सिंकमधून उचलताना खालून छज्जाला आपटतं, तेही आलंच. बरोबर रेषेत मिळवणं हे कारागिरीचं काम. एखादा मिलिमीटर इकडे-तिकडे झाला की डोळ्यांत खुपतं. मी कड दोन-तीन मिलिमीटर मागे ठेवतो. सिंकच्या काठाची बारीक पट्टी दिसते, तिथे घाण साचते, पण दिसते म्हणून पुसलीही जाते. क्वार्ट्झ आणि मार्बलसाठी तर मी दुसरं काही करतच नाही.

मार्बलबद्दल बोलायचं तर मी ओट्यासाठी तो सुचवत नाही. तो मुळात कॅल्शियम कार्बोनेट. लिंबाचा रस पडला, व्हिनेगर पडलं की पॉलिश उडतं, आणि सर्वांत आधी उडतं ते सिंकच्या आजूबाजूला. तरी हवाच असेल तर सांध्यात न्यूट्रल सिलिकॉन वापरायला सांगा. लावताना व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्ल सोडतं आणि मार्बलची कड खातं.

सिंटर्ड स्टोन, म्हणजे पोर्सिलेनच्या मोठ्या पातळ पाट्या, उष्णतेला आणि ओरखड्यांना भारी, पण ठिसूळ. बारा मिलिमीटरच्या पाटीत सिंकची कड उघडी ठेवायला माझं मन तयार होत नाही. तिथे फ्लश किंवा काठवालं.

लाकडी ओटा सुंदर दिसतो आणि सिंकपाशी काळा पडतो. कापलेल्या टोकाकडून लाकूड पाणी ओढतं, आणि ओकसारख्या लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याचा लोखंडाशी संबंध आला की शाईसारखे डाग पडतात. काठवालं सिंक घ्या. फायरक्लेचं, म्हणजे भट्टीत भाजलेल्या मातीचं, मोठं पांढरं सिंक हवं असेल तर ओटा त्याच्यावर थोडा पुढे काढून खालच्या बाजूला, कडेच्या आत, एक खाच मारून घ्या. थेंब तिथे अडतो आणि मागे कपाटात जात नाही. वर तेल देत राहावं लागतं, ते तर ठरलेलंच.

सांधाच नको असेल तर ॲक्रिलिक सॉलिड सरफेस बघा. ड्युपॉन्ट कंपनीने १९६७ मध्ये कोरिअन तयार केलं तेव्हापासून हे मटेरियल आहे. ओट्याला त्याच मटेरियलचं सिंक चिकटवून घासलं की जोड नखालाही लागत नाही, आणि ओरखडे पुढे कधीही घासून काढता येतात. फक्त उकळतं पाणी ओतताना शेजारी थंड नळ सोडायचा. अचानक तापण्याने त्याला चीर जाऊ शकते. स्टीलच्या ओट्याला स्टीलचं सिंक वेल्ड करून घेतलं तर याहूनही निश्चिंत, पण आवाज आणि ओरखडे घरात सगळ्यांना सहन व्हायला हवेत.

आता सिंकच्या पत्र्याकडे. स्टेनलेस स्टीलच्या ३०४ ग्रेडमध्ये क्रोमियम १८ टक्के आणि निकेल ८ टक्क्यांच्या आसपास असतं. स्वस्तातल्या २०० मालिकेत निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, आणि ते लवकर गंजतं. दुकानात चुंबक लावून ‘बघा, चिकटत नाही’ म्हणून दाखवतात. त्याने काही सिद्ध होत नाही, कारण २०० मालिकेलाही चुंबक सहसा चिकटत नाही. उलट अस्सल ३०४ चं सिंक साच्यात खोल दाबलेलं असलं तर त्याच्या कोपऱ्यांवर चुंबक किंचित ओढलं जातं. ग्रेड बिलावर लिहून घ्या. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड; १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, आणि अंडरमाउंटसाठी मी त्याहून पातळ पत्रा घेऊ देत नाही. आणि फरशीवरचे सिमेंटचे डाग ॲसिडने धुवायचे असतील तर ते सिंक बसायच्या आधी उरकून घ्या. त्या वाफेनेही चांगल्या स्टीलवर तांबूस ठिपके उठतात.

सांधा पांढऱ्या सिमेंटने भरायची सवय अजून गेलेली नाही. स्टील तापल्यावर दगडाच्या साधारण दुप्पट वाढतं. ६० सेंटिमीटरचं सिंक गरम पाण्याने ६० अंशांनी तापलं तर ते अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त ताणलं जातं, दगड त्याच्या निम्मा. रोजच्या या ओढाताणीत सिमेंटला केसाएवढी फट पडते आणि कपाटात ओल येते. सिलिकॉन ताणलं जातं, म्हणून सिलिकॉन.

खोली निवडताना दगडाची जाडी मोजायला विसरू नका. ओटा ८६ सेंटिमीटर उंच, दगड २ सेंटिमीटर, सिंक २२.५ खोल: अंडरमाउंटचा तळ जमिनीपासून साडेएकसष्टवर येतो, तेच काठवालं असेल तर साडेत्रेसष्टवर. घरात भांडी घासणारं माणूस उंच असेल तर या दोन सेंटिमीटरचा हिशेब त्याच्या कमरेला विचारा.

आणि सिंक आधी आणा, मग मला बोलवा. बॉक्समधल्या कागदी नमुन्यावर किंवा मोबाइलवरच्या मापावर मी भोक कापत नाही. फायरक्लेचं सिंक तर भट्टीत आकसतं, त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन नगांत काही मिलिमीटरचा फरक निघतो. चिकटवल्यावर सिंकला खालून लाकडी टेकू देऊन रात्रभर तसंच ठेवायचं. सिलिकॉन दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच सुकतं. जाळी, ट्रॅप, नळाची जोडणी हे सगळं त्यानंतर. प्लंबरला दुसऱ्या दिवशी दुपारनंतरची वेळ द्या. सकाळी आला तर तो टेकू काढूनच कामाला लागेल.