गुन्हा नाही, फोन गेलाय

दुपार व्हायला आली तरी त्या वस्तीत एकही गुन्हा घडलेला नव्हता. निदान आमच्या टॅबवर तरी तसंच दिसत होतं. पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यातली दाट वस्ती, खोलीला खोली लागलेली, निम्मे भाडेकरू कंपन्यांमध्ये कंत्राटी कामाला. आणि दारोदार एकच उत्तर : "नाही हो, आमच्याकडे तसलं काही नाही."

काम पीडित-सर्वेक्षणाच्या पूर्वचाचणीचं होतं, म्हणजे खऱ्या सर्वेक्षणाआधी प्रश्न चालतात का ते बघायचं. पोलिसांच्या दफ्तरात काय आहे ते बाजूला ठेवायचं आणि लोकांनाच विचारायचं, तुमच्या बाबतीत काय काय घडलं? अमेरिकेत असं राष्ट्रीय सर्वेक्षण १९७३ पासून चालू आहे, इंग्लंडमध्ये पहिलं १९८२ साली झालं. १९९२ च्या आंतरराष्ट्रीय फेरीत मुंबईही होती. आपल्याकडे दरवर्षी चर्चा होते ती एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांची, आणि ते आकडे येतात पोलीस ठाण्यातल्या नोंदींवरून. त्यातही एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तर सगळ्यांत गंभीर तेवढंच मोजायचं, हा तिथला नियम. बाकीची तीन आकडेवारीत दिसतच नाहीत.

प्रश्न वरच्या कार्यालयातून आलेला होता : "गेल्या बारा महिन्यांत आपण कोणत्याही गुन्ह्याला बळी पडलात का?" असं विचारलं की माणसाला पोलिसांची गाडी आणि कोर्टाच्या तारखा दिसायला लागतात. कोण हो म्हणेल?

एका मावशींकडे सगळा फॉर्म 'नाही'वर संपला. निघताना त्या माझ्याबरोबरच्या पोरीला म्हणाल्या, "तुझा नंबर कागदावर लिहून दे गं. माझा फोन गेलाय."

"कुठे गेला?"

"आठवडे बाजारात. पिशवीला खालून ब्लेड मारलं मेल्यानं."

"अहो मावशी, मग मघाशी विचारलं तेव्हा…"

"तो काय गुन्हा झाला का? फोन गेलाय."

पोरगी नुकतीच समाजकार्यात एमएसडब्ल्यू झालेली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मावशींनी आम्हाला फसवलंच. मला मात्र सकाळपासून पहिल्यांदाच बरं वाटलं. पूर्वचाचणी असते ती ह्यासाठीच. अमेरिकेतल्या सर्वेक्षणाचीही हीच अडचण झाली होती. १९९२ मध्ये त्यांनी प्रश्नांची मांडणी बदलली, छोटे छोटे प्रसंग सुचवून विचारायला सुरुवात केली, आणि विशेषतः मारहाण व लैंगिक अत्याचारांचे आकडे वर गेले. लोक तेच, देशही तोच.

आम्ही तिथेच ओट्यावर बसून यादी केली. बाजारात, एसटीत पाकीट-फोन गेला का? गाडीतलं पेट्रोल कुणी काढलं? दारातला सिलिंडर, वाळत घातलेले कपडे, मोटरची वायर? नोकरी लावतो म्हणून कुणी पैसे घेतले? ओटीपी विचारून खात्यातले गेले? आणि 'बारा महिने' काढून टाकून 'मागच्या गणपतीपासून' असं विचारायला लागलो. मनाला लागलेली चोरी दोन वर्षांची जुनी असली तरी कालचीच वाटते, आणि ती चालू वर्षाच्या हिशेबात घुसते. सण लावून दिला की लोक स्वतःच दुरुस्त करतात : "नाही नाही, ते तर आधीच्या शिमग्याला."

दुपारनंतर उत्तरं इतकी यायला लागली की फॉर्ममध्ये जागा पुरेना.

मावशींच्या फोनचं प्रकरण एवढ्यावर मिटलं नाही. "पोलिसांत तक्रार दिली का?" हो. पत्र्याच्या पेटीतून त्यांनी शिक्क्याचा कागद काढला. वाचला तर त्यावर 'मोबाईल गहाळ'. कापलेल्या पिशवीचा उल्लेख नाही. मावशींची काही तक्रार नव्हती. त्या कागदावर त्यांना त्याच नंबरचं सिमकार्ड मिळालं होतं. आता आमच्या टॅबवर काय भरायचं? मावशींच्या लेखी तक्रार झाली. पोलिसांच्या लेखी चोरी झालीच नाही.

संध्याकाळी टपरीवर एक जुने हवालदार भेटले. मी मुद्दाम विषय काढला. ते मोकळेपणानं म्हणाले, "मॅडम, चोरी लिहिली की तपास आला, पंचनामा आला, महिन्याच्या क्राइम मीटिंगला 'उघडकीस किती, प्रलंबित किती' आलं. बाईंना हवं असतं सिमकार्ड. गहाळ लिहिलं की दहा मिनिटांत त्याही मोकळ्या, आम्हीही."

दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट सांगितलंय. हवालदारांना ते माझ्यापेक्षा जास्त पाठ होतं. पण ज्या ठाण्याचा आलेख चढतो त्यालाच जाब विचारला जात असेल, तर प्रामाणिकपणे नोंदणारं ठाणं गुन्हेगारीचं माहेरघर ठरणार आणि गहाळवालं शांत. मला त्या हवालदारांचा राग आला नाही. दोन शहरांचे आकडे शेजारी छापून 'सर्वांत सुरक्षित शहर' जाहीर करणाऱ्यांचा मात्र येतो. त्यात १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले आणि पाच हजारांखालची चोरी अदखलपात्र झाली, म्हणजे तिचा एफआयआर होत नाही. पुढे कुणी चोऱ्यांचा दहा वर्षांचा आलेख काढला आणि तो २०२४ नंतर खाली वळला, तर आधी ही रेघ बघावी लागेल.

दिवसातली सगळ्यांत अवघड गोष्ट मावशींचा कागद आणि हवालदारांची टपरी या दोन्हींच्या मध्ये घडली. घरातल्या मारहाणीचे प्रश्न वेगळ्या भागात होते. घरातली एकच बाई चिठ्ठीनं निवडायची आणि पूर्ण एकांत असेल तरच विचारायचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणही हेच पाळतं. एका खोलीत निवड झाली ती सुनेची. सासूबाई उंबऱ्यातून हलेनात. आम्ही तो भाग सोडला आणि पाण्याचा, रस्त्यावरच्या दिव्यांचा प्रश्न विचारून निघालो. सून हंडा घेऊन नळापर्यंत मागे आली.

"ताई, शेजारच्या वहिनींना विचारलंत ते मला नाही विचारलंत."

पोरीनं लगेच टॅब उघडला. मी तिचा हात धरला. नळावर तीन खिडक्या उघडत होत्या आणि ओळीत उभ्या बायका आमच्याकडेच बघत होत्या. मी सुनेला विचारलं, पुन्हा कधी येऊ? ती म्हणाली, मंगळवारी सासूबाई दवाखान्यात जातात. १८१ हा महिलांसाठीचा नंबर आम्ही प्रत्येक घरी देतो त्या उपयोगी क्रमांकांच्या कार्डावर होताच. तो कुठल्या ओळीत आहे तेवढं सांगितलं.

पोरगी रात्रीपर्यंत माझ्याशी भांडत होती. "तिला सांगायचं होतं, मॅडम. आपण 'नाही' कसं धरायचं?" 'नाही' धरायचं नव्हतंच. 'एकांत मिळाला नाही' असा वेगळा संकेतांक होता, तो टाकला. २०१९-२१ च्या त्या सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या बायकांपैकी १४ टक्क्यांनीच मदत मागितल्याचं दिसतं, आणि ७७ टक्के बायका कुणाशी बोलल्याही नव्हत्या. अशा बाईचं उत्तर नळावर मिळवून माझा तक्ता भरला असता, पण घरी तिला त्याची काय किंमत मोजावी लागली असती ते तक्त्यात कधीच आलं नसतं.

रात्री मी सुधारणा पाठवल्या. प्रसंगांची यादी, सणांच्या खुणा, आणि तक्रारीच्या एका प्रश्नाऐवजी चार : पोलिसांना सांगितलं का, लेखी घेतलं का, काय म्हणून घेतलं, प्रत दिली का. शेवटची मागणी होती, एकांत न मिळालेल्या घरी दुसऱ्यांदा जाण्याचा खर्च. कार्यालयाचं उत्तर सकाळीच आलं : मुलाखत फार लांबतेय, काहीतरी कापा. मी रस्त्यावरच्या दिव्यांचे प्रश्न कापले आणि मंगळवारची गाडी मागून घेतली.